विरजण सांभाळ, बाय

बाय, तुझ्या पर्वरीच्या फ्रीजमध्ये याकुल्टच्या बाटल्या पाहिल्या. पी, वाईट काही नाही. जपानच्या मिनोरु शिरोतांनी १९३० साली त्यातला जंतू वाढवला, १९३५ पासून पेय विकायला आले. ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी जिवंत जंतू, आणि थोडी साखरही. आपल्या ताकातही जंतू असतात, पण कोणते आणि किती, ते कोणी मोजलेले नाहीत. म्हणून ताकाला औषध म्हणू नकोस. पण ते जिवंत आहे एवढे कायम ध्यानात ठेव. मी सांगते ते सगळे त्यासाठीच.

दूध नीट उकळ, कच्च्या दुधाचे दही लावू नकोस. मग निवू दे. करंगळी बुडवून बघ, ऊब लागली पाहिजे, चटका नको. हे मी शिकले ते सासरी पेडण्यात आल्यावरच्या पहिल्या दिवाळीत. नरकचतुर्दशीला पहाटे पोह्यांचे पाच तऱ्हांचे फोव करायचे होते, त्यांत ताकातले हवेतच. आदल्या रात्री उटण्याच्या, फराळाच्या घाईत मी कढत दुधातच विरजण घातले. पहाटे झाकण काढले तर वर सायीचा पापुद्रा आणि खाली दूध तसेच पातळ. विरजण पोळून मेले होते. बाहेर नरकासुर जाळून मंडळी परतत होती. मी भांडे पदराआड धरून शेजारच्या काकींच्या दारात गेले. त्यांनी पदर बाजूला केला, भांडे ताकाने काठोकाठ भरले आणि वर वाटीभर दही दिले. म्हणाल्या, "ताक मागायला लाजायचे नसते, विरजण तर मुळीच नाही." त्या काळी आमच्या वाड्यावर ताकाचे पैसे कोणी घेत नसे. त्याच दह्याचे विरजण मी पुढे चालवत आले.

अर्धा लिटर दुधाला लहान चमचाभर विरजण पुरे. जास्त घातलेस तर दही लवकर आंबते आणि पाणी सुटते. आपल्या दमट हवेत एप्रिल-मेमध्ये चार-पाच तासांत लागते, तेव्हा रात्री लावून सकाळी उशिरापर्यंत ठेवू नकोस, आंबट ढोण होते. पावसाळ्यात भांडे कापडात गुंडाळून चुलीजवळ ठेवायचो, तू बंद ओव्हनमध्ये ठेव. लागताना हलवू नकोस. आणि दही पानात वाढण्याआधी उद्याचे विरजण काढून ठेव.

भांडे मातीचे असेल तर उत्तम. माझ्या माहेरी, डिचोलीत, कुंभारांची जुनी वस्ती. तिथलेच मडके मी सासरी आणले. माती दह्यातले पाणी ओढते आणि वरून वारा लागून भांडे गार राहते, म्हणून कवडी घट्ट पडते. नव्या मडक्यात आधी पेज उकळ, मग वापर. साबण लावू नकोस, तो मातीत मुरतो. कढत पाणी आणि नारळाचे सोडण घेऊन घास, उन्हात वाळव.

लोणी काढायचे तर पहाटेच. ऊन चढले की लोणी मऊ पडते आणि रवीला चिकटते. उशीर झाला तर गार पाणी घाल. पाहत बसू नकोस, कान दे. आधी रवी सळसळ फिरते, मग आवाज जड होतो, आणि एकदम सुटा, पातळ खळखळाट ऐकू येतो. तेव्हा लोणी आले. गोळा वर तरंगला की थांब, पुढे घुसळशील तर तो मोडतो.

आता खरी गोष्ट. ताक गरम करू नकोस. कढी कर, मला ती आवडते, पण उकळलेल्या ताकात जिवंत काही उरत नाही. फोडणी द्यायची तर वेगळी कर, निवव, मग ओत. नाचणीच्या आंबिलीचेही तसेच: रात्री भिजवलेले पीठ सकाळी शिजवून पूर्ण गार कर आणि मगच ताक, मीठ घाल. उन्हाळ्यात शेतावर आम्ही हेच न्यायचो. ताक त्याच दिवशी पी. बुरशीचा डाग दिसला तर वरवर काढून खाऊ नकोस, सगळे टाक.

आणि विरजण मेले तर घाबरू नकोस. कोमट दुधात हिरव्या मिरचीचे दोन-तीन देठ बुडवून ठेव. त्यावरचे जंतू बहुधा दही लावतात. पहिले दही चोथ्यासारखे येते, ते खाऊ नकोस, त्याच्या चमचाभराने दुसरे लाव.

रविवारी येशील तेव्हा झाकणाची वाटी आण, विरजण देते. पेडण्याहून पर्वरीपर्यंत ते बॅगेत आडवे होऊ देऊ नकोस, आणि घरी पोचल्या पोचल्या दूध तापव.