झोपेची उधारी

सातारा

चि. निनाद यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा तू आलास, जेवलास आणि पुस्तक हातात धरून खुर्चीतच पेंगलास. हलवून उठवलं तर म्हणालास, "आत्या, चार तास झोप पुरते मला. परीक्षा झाली की भरून काढीन." ते काही मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

तीस वर्षं मी नर्सचं काम केलं. एकदा सलग रात्रपाळ्यांनंतर पहाटे चार्टवर एकाच पेशंटचा ताप दोनदा लिहिला, शेजारच्याचा राहूनच गेला. सकाळच्या सिस्टरनं दाखवेपर्यंत मला चुकल्याचा पत्ताही नव्हता. जागरणाचं हेच वाईट बघ. डोकं मंद झालंय, हे त्या डोक्यालाच कळत नाही.

दिवसा वाचलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये कच्चं टिपलं जातं. गाढ झोपेत मेंदू त्याची उजळणी करतो आणि ते पक्कं होतं. अमेरिकेत १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरं पाठ करून घेतली. पाठांतरानंतर झोपले तर जास्त आठवे, जागे राहिले तर कमी. तेव्हा झोप हाही अभ्यासच आहे, बाळा.

आणि परीक्षेपुरतंच बघू नकोस. २०१३ साली मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाला झोपलेल्या उंदरांच्या मेंदूतून बीटा-अमायलॉइड लवकर धुऊन जाताना दिसलं. अल्झायमरमध्ये हेच प्रथिन मेंदूत साचतं. या धुण्याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण ब्रिटनमध्ये सुमारे ८,००० माणसांवर २५ वर्षं लक्ष ठेवलं, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के जास्त दिसला. कमी झोप हेच कारण, असं त्यावरून सिद्ध होत नाही. तरी चार तासांची सवय तू आज अंगी लावून घेऊ नयेस, एवढं मला त्यातून कळतं.

अकराला पुस्तक मीट. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. संध्याकाळनंतर चहा नको, त्यातलं निम्मं कॅफिन पाच-एक तासांनीही अंगात असतं. रोज ठरल्या वेळी ऊठ, रविवारीसुद्धा.

या रविवारी जेवायला ये. खुर्चीत पेंगायचं नाही, आतल्या खोलीत गादी घालून ठेवते.

तुझी,
आत्या