इलेक्ट्रॉनिक पाटीचा ड्रायव्हर आणि त्याचा परवाना

शाळेसाठी अथवा कार्यालयासाठी ग्राफिक्स टॅब्लेट खरेदी करताना आकार आणि किंमत पाहिली जाते. ड्रायव्हरची चौकशी क्वचितच होते. वास्तविक लेखणीचे टोक पाटीवर कोठे टेकले आहे व त्यावर किती दाब पडला आहे, हे संगणकाला समजते ते ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीमुळेच. दाबाच्या ८,१९२ पातळ्या ओळखणारी पाटीही तिच्याअभावी जेमतेम माऊसचे काम करते.

लिनक्सचा गाभा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये लिहावयास घेतला आणि १९९२ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आणला. आज्ञावली वितरित करणाऱ्याने तिची मूळ संहिताही घेणाऱ्यास उपलब्ध करून दिली पाहिजे, ही त्या परवान्याची मुख्य अट होय. वॅकॉम या जपानी कंपनीच्या पाट्यांचा ड्रायव्हर याच परवान्याखाली गाभ्यात समाविष्ट असून कंपनीचे अभियंतेही त्यात भर घालीत असतात.

अन्य अनेक पाट्यांसाठी मात्र हे काम डिजिमेंड प्रकल्पातील स्वयंसेवकांना करावे लागले. कंपनीचा विंडोजवरील ड्रायव्हर आणि पाटी यांच्यात यूएसबी तारेतून काय बोलणे होते, याची नोंद घेऊन त्यांनी उलट मार्गाने तपास केला. यूसी-लॉजिक बनावटीच्या बऱ्याच पाट्यांकडे १०० किंवा २०० क्रमांकाचे वर्णन मागितले की पाटी आपली मापे सांगते आणि पूर्ण क्षमतेने काम करू लागते. एवढी साधी किल्ली. पण ती कंपनीने सांगितलेली नव्हती.

गाभ्याची अंतर्गत रचना वरचेवर बदलते. बदल करणाराच गाभ्यातील सर्व संबंधित ड्रायव्हर दुरुस्त करून देतो, अशी तेथील प्रथा आहे. जीपीएलशी सुसंगत परवाना नसलेल्या ड्रायव्हरला गाभ्यात प्रवेश नाही, म्हणून ही सोयही नाही. काही कंपन्या संहिता बंद ठेवून गाभ्याबाहेर चालणारा ड्रायव्हर देतात. ते नियमबाह्य नाही. परंतु कंपनीने लक्ष काढून घेतले की धडधाकट पाटी कपाटात जाते.

खरेदीपूर्वी कंपनीची कोणतीही आज्ञावली न बसविता पाटी लिनक्सच्या संगणकास जोडावी आणि क्रिता या चित्रकलेच्या आज्ञावलीत दाबानुसार जाडी बदलणारा कुंचला निवडून एक हलकी व एक जोर देऊन अशा दोन रेघा ओढाव्यात. दुसरी रेघ जाड उमटल्यास ड्रायव्हर गाभ्यातच आहे, असे समजण्यास हरकत नाही.