नवं गाणं सापडतं कुठे?

प्रश्न : गायिका किशोरीताई आमोणकरांचं गाणं ऐकलं की अ‍ॅप पुन्हा पुन्हा तेच राग पुढे करतं. नवं काही ऐकायचं तर कोणती सेवा घ्यावी?

उत्तर : प्रत्येक सेवेचा स्वभाव वेगळा आहे. २०१९मध्ये भारतात आलेलं स्पॉटिफाय दर सोमवारी ‘डिस्कव्हर वीकली’ ही ३० गाण्यांची यादी देतं. आपल्यासारखी आवड असणाऱ्यांनी याद्यांमध्ये काय ठेवलंय, यावरून ती बनते. चित्रपटगीतं, पॉप यांसाठी ती उत्तम. पण कमी ऐकला जाणारा राग तिथे सहज मागे पडतो.

यूट्यूबवर रसिकांनी चढवलेल्या जुन्या मैफली मिळतात. मात्र कलाकार, साथीदार, साल यांची नोंद पडताळून पाहावी.

बँडकॅम्प ही तिसरी वाट. तिथे कलाकार स्वतः अल्बम विकतात, आधी ऐकून मग विकत घेता येतं आणि किमतीचा मोठा वाटा कलाकाराला मिळतो. नव्या स्वतंत्र संगीतासाठी आधी तिथेच जावं.

शास्त्रीय संगीतात मात्र घराण्याचा माग काढणं सर्वांत फलदायी. किशोरीताईंकडून त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर, तिथून मोगूबाईंचे गुरू अल्लादिया खाँसाहेब यांच्याच शिष्या केसरबाई केरकर, मग खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. शोधताना ‘बसंती केदार’सारखं रागाचं नाव टाकावं आणि हे गायक एकापाठोपाठ एक ऐकावेत.

शास्त्रीय संगीतासाठी सुरुवात यूट्यूबपासून करा. पैसे मोजायचे असतील, तर आधी बँडकॅम्पवरच्या एखाद्या तरुण कलाकाराचा अल्बम घ्या.