चिल्का : गोड्या-खाऱ्या पाण्याचा संसार

भूगोलाच्या परीक्षेत ‘खाजणाचे उदाहरण द्या’ असा प्रश्न आला की आपण ‘चिल्का सरोवर’ असे दोन शब्द लिहून मोकळे होतो. परंतु ओडिशाच्या किनाऱ्यावरील हे सरोवर एवढ्या दोन शब्दांत मावणारे नाही. एखादी जागा संरक्षित म्हणून जाहीर केली म्हणजे ती वाचतेच असे नाही, हा धडा चिल्काने दिला आहे. त्याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा हा प्रयत्न.

जन्मकथा

शेवटचे हिमयुग ओसरल्यावर समुद्राची पातळी चढली आणि पूर्व घाटाच्या पायथ्याशी सागराचा एक उथळ फाटा तयार झाला. बंगालच्या उपसागरातील लाटा व प्रवाह किनाऱ्यालगतची वाळू ईशान्येकडे सतत वाहून नेतात. त्या वाळूचा लांबच लांब दांडा पडला आणि आतील पाणी समुद्रापासून जवळजवळ तुटले. दक्षिणेकडील खडकाळ बेटे म्हणजे पूर्व घाटाचीच पाण्यात उरलेली टोके होत. उत्तरेकडून दया, भार्गवी या महानदीच्या शाखा गोडे पाणी व गाळ आणतात. सरोवराचे क्षेत्र उन्हाळ्यात सुमारे ९०० चौरस किलोमीटर असते. पावसाळ्यात ते ११०० च्याही पुढे जाते.

जीवसृष्टी

चिल्काचे पाणी एका जागी गोडे, दुसऱ्या जागी मचूळ, तर तिसऱ्या जागी खारे असते आणि ऋतूप्रमाणे ही चवही बदलते. या विविधतेवरच येथील सारे जीवन उभे आहे. कोळंबी समुद्रात अंडी घालते, पण तिची पिल्ले वाढीसाठी सरोवरात येतात. बोय मासा प्रजननासाठी उलट समुद्राकडे जातो. म्हणजे समुद्राचे दार बंद झाले की कोळ्याचे जाळे रिकामे राहते. दुर्मिळ इरावती डॉल्फिनचेही हे घर आहे. नळगवतामुळे नाव मिळालेले नलबन बेट पावसाळ्यात पाण्याखाली असते आणि हिवाळ्यात हळूहळू वर येते. त्याच सुमारास सैबेरिया, मंगोलिया अशा दूरदेशांहून तलवार बदक, थापट्या, चक्रवाक इत्यादी पक्षी तेथे उतरतात.

संकट

१९८१ साली चिल्काला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. १९८७ साली नलबन अभयारण्य झाले. पण वाळूला आणि गाळाला कायदा ठाऊक नसतो! समुद्राकडे जाणारा मार्ग गाळाने भरत गेला, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी आटली. त्यातच कोळंबीसाठी घातलेल्या बांधांनी पाणी अडवले आणि पारंपरिक कोळ्यांच्या हक्काच्या जागा गेल्या. १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळ जागांच्या यादीत चिल्काचे नाव आले.

उपाय

चिल्का विकास प्राधिकरणाने प्रवाहांचा अभ्यास करून २३ सप्टेंबर २००० रोजी सातपाड्याजवळ दांड्यातून नवे मुख उघडले. समुद्राकडे जाण्याचा वळसा सुमारे १८ किलोमीटरने कमी झाला. १९९९-२००० मध्ये मासळीचे उत्पादन पावणेदोन हजार टनांच्या आसपास होते. २००१-०२ मध्ये ते अकरा हजार टनांवर गेले. २००२ साली धोक्याच्या यादीतून चिल्काचे नाव वगळण्यात आले.

अर्थात कथा येथे संपत नाही. वाळू अजूनही सरकते आहे. २०१९ च्या ‘फनी’ चक्रीवादळाने दांड्यात पुन्हा नवी मुखे फोडली. मुख उघडे राहिले तरी डोंगरावरील जंगल तुटले तर गाळ येणारच.

म्हणून चिल्काचे रक्षण म्हणजे केवळ पक्ष्यांभोवती कुंपण घालणे नव्हे. नदी, समुद्र, वाळू आणि कोळी यांचे परस्परांशी असलेले नाते टिकवणे, हेच खरे रक्षण होय. पुढच्या वेळी उत्तरपत्रिकेत ‘चिल्का’ लिहिताना एवढे ध्यानात राहिले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे वाटेल.