कॉफीचें पाणी किती तापवावें?

आमच्या बुलढाण्यांत घरोघर चहाचें राज्य आहे. कॉफी येते ती परीक्षेच्या रात्रीं, कोणा पाहुण्याच्या निमित्तानें, किंवा घरांतील एखाद्या वडील माणसाच्या आवडीमुळें. आमच्या घरीं ती आजोबांमुळें आली. त्यांनीं नोकरीचीं कांहीं वर्षें म्हैसुराकडे काढलीं होतीं आणि परत येतांना पितळेचा दोन खणांचा एक फिल्टर बरोबर आणला होता. वरच्या खणास बारीक छिद्रें. त्यांत कॉफीची पूड घालून वरून ऊन पाणी ओतावयाचें, आणि खालच्या खणांत थेंब थेंब उतरलेला अर्क तापल्या दुधांत मिसळून घ्यावयाचा, अशी त्याची रीत. ऊन पाणी म्हणजे किती ऊन, हा प्रश्न मात्र आम्हां कोणास कधीं पडला नव्हता. तो पडला एका भांडणामुळें, आणि त्या भांडणांत अन्याय आमचाच होता. म्हणून ती हकीकत येथें सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

गेल्या पौषांत आमची कॉफी एकाएकीं बिघडली. फिल्टरांतून उतरलेला अर्क पातळ व आंबूस लागे. पूड शिळी असावी असें आम्हीं ठरविलें. उपाय म्हणून आईनें फिल्टर बाजूस ठेवला आणि चहाप्रमाणें पूड पाण्यांत घालून शेगडीवर चांगली खळखळ उकळली. तेव्हां कॉफी इतकी कडू झाली कीं आजोबांनीं पेला खालींच ठेवला. आतां शिळेपणाच्या जोडीला भेसळीचाही आरोप आला. पुडींत चिकोरी भरली आहे असें म्हणत, अर्धीअधिक संपलेली ती पुडी घेऊन आम्ही बाजारांत गेलों आणि चार गिऱ्हाइकांसमक्ष दुकानदारास नको तें बोललों. त्यानें पुऱ्या पुडीचे पैसे परत केले व एवढेंच विचारलें, "पाणी कसें घेतां?" तो प्रश्न आम्हांस उद्धटपणाचा वाटला.

त्या रात्रीं आजोबांनीं एक साधी शंका काढली. पूड एकच, मग ती सकाळीं पातळ आणि संध्याकाळीं कडू कशी? शिळी पूड उकळल्यानें ताजी होत नाहीं, आणि भेसळ सकाळीं लपून संध्याकाळीं प्रकट होते असेंही नाहीं. मग या दोन वेळांत बदललें काय? बदललें होतें तें केवळ पाणी तापविणें. सुदैवानें डब्यांत काढून ठेवलेली थोडी पूड शिल्लक होती. तिच्यावरच प्रयोग करावयाचें आम्हीं ठरविलें.

प्रथम भेसळीची परीक्षा घेतली. कांचेच्या पेल्यांत थंड पाणी घेऊन त्यावर चिमूटभर पूड टाकली. कॉफीची पूड कांहीं वेळ पाण्यावर तरंगते; चिकोरीचे कण मात्र लवकरच खालीं जाऊं लागतात आणि जातां जातां पाण्यांत तपकिरी रेघा सोडतात. आमची पूड तरंगत राहिली. दुकानदार निर्दोष ठरला आणि आरोपीच्या जागीं आम्ही आलों.

मग शाळेच्या प्रयोगशाळेंतून एक उष्णतामापक मागून आणला. ज्या पाण्यांत तो बुडविला तें पाणी आम्हीं पिण्यास घेतलें नाहीं. शेजारीं दुसऱ्या सारख्याच भांड्यांत तेवढेंच पाणी तापवून त्याचें माप घेतलें. विद्यार्थिबंधूंनीं हा प्रयोग केल्यास ही काळजी अवश्य घ्यावी. तीन कॉफ्या केल्या. प्रत्येकींत १० ग्रॅम पूड व १५० मिलिलिटर पाणी, आणि वेळ चार मिनिटें. फरक एकाच गोष्टींत ठेवला. पहिलींत ७० अंश सेल्सिअस उष्णतामानाचें पाणी ओतलें, दुसरींत ९३ अंशांचें, आणि तिसरी पातेल्यांत चारही मिनिटें उकळत ठेवली. तिन्ही गाळून, दूधसाखर न घालतां, कोणती कोणती हें न सांगतां घरांतील मंडळींपुढें ठेवल्या. पहिली पातळ व आंबट, तिसरी कडू व घशास तुरट, आणि दुसरी चांगली, असा सर्वांचा एकच निकाल पडला.

याचें कारण असें. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकीं सुमारें ३० टक्के भागच पाण्यांत विरघळूं शकतो, बाकीचा चोथा. परंतु जेवढें विरघळेल तेवढें सर्व काढून घेणें इष्ट नसतें. सुमारें १८ ते २२ टक्के भाग उतरला म्हणजे पेला समतोल लागतो, असें जाणते लोक सांगतात. पुडींतील द्रव्यें एकाच वेळीं सुटत नाहींत. आम्लें लवकर सुटतात, गोडवा देणारीं द्रव्यें त्यांच्या मागून, आणि कडू व तुरट द्रव्यें सर्वांत सावकाश. उष्णता या सर्वांनाच घाई करते. पाणी पुरेसें तापलेलें नसेल तर आम्लें पुढें येतात व गोडवा मागें राहतो. उलट तें पुडीसह उकळत ठेवलें तर कडूपणाही ओढून निघतो, आणि जो सुवास पेल्यांत यावयाचा तो वाफेबरोबर स्वयंपाकघरभर पसरून नाहींसा होतो. म्हणून साधारणतः ९० ते ९६ अंशांचें पाणी कॉफीस योग्य मानतात.

कडूपणाच्या या दोषावर उपाय शोधणारी एक गृहिणीच होती. जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं मेलिटा बेंट्झ या बाईंनीं १९०८ सालीं एका पितळी भांड्यास छिद्रें पाडून त्यांत मुलाच्या वहींतील टीपकागद बसविला व त्यावर पूड ठेवून वरून ऊन पाणी ओतलें. कागदी गाळणीचा आरंभ तो हाच. आजोबांचा पितळी फिल्टरही पुडीस उकळूं न देणाऱ्या याच जातीचा.

मग एवढा चांगला फिल्टर असतां पौषांतच कॉफी कां बिघडावी? आईचा नियम असा होता कीं, पाणी वाफाळूं लागलें म्हणजे उतरावयाचें. उन्हाळ्यांत हा नियम चालून जाई. परंतु थंड हवेंत वाफेचे सूक्ष्म थेंब चटकन् बनतात, त्यामुळें पाणी पुरतें तापण्यापूर्वींच तें वाफाळतांना दिसतें. आम्हीं मोजून पाहिलें तों पहांटेच्या गारठ्यांत भरपूर वाफ दिसत असतांही पारा ७५ च्या पुढें गेला नव्हता. त्यांत फिल्टरचें पितळ रात्रभर गारठलेलें. तें पाण्यांतील उष्णता ओढून घेई. पूड शिळी नव्हती. आमच्या डोळ्यांस वाफेनें फसविलें होतें.

उकळी हीच खरी खूण. पण तीही सर्वत्र सारखी नसते. उंचावर हवेचा दाब कमी असल्यामुळें पाणी लवकर उकळतें. उंची सुमारें ३०० मीटर वाढली कीं उत्कलनबिंदु सुमारें १ अंशानें उतरतो. मलकापूर सपाटीवर आहे. तेथें पाणी ९९ अंशांच्या सुमारास उकळतें. राजूर घाट चढून सुमारें ६५० मीटर उंचीवरील बुलढाण्यास यावें, तों उकळी ९८ च्या आसपास येते. आपल्या वऱ्हाडांतील चिखलदरा, जेथें कॉफीचीं झाडेंही आहेत, १,१०० मीटरांहून उंच आहे. तेथें उकळतें पाणी जेमतेम ९६ अंशांचें असतें. अर्थात् चिखलदऱ्यास उतरलेलें पाणी लगेच ओतावें. बुलढाण्यास क्षणभर थांबावें. मलकापुरास त्याहून किंचित् अधिक.

आतां आमच्या घरची रीत अशी आहे. पाण्यास पुरी उकळी येऊं द्यावी. त्यांतील थोडें फिल्टरमध्यें ओतून तो तापवावा व तें पाणी टाकून द्यावें. मग पूड घालावी. तोंवर सुमारें एक मिनिट जातें आणि पाणी हवें तितकें निवतें. तें पुडीवर सावकाश ओतून झांकण ठेवावें. दूध वेगळें तापवावें, व अर्क दुधांत घातल्यावर पुन्हां उकळूं नये. उष्णतामापक लागत नाहीं, लक्ष लागतें.

त्याच आठवड्यांत आम्ही पुन्हां त्या दुकानांत गेलों. दुकानांत गर्दी असते ती वेळ मुद्दाम धरली. कारण जें चार माणसांसमक्ष बोललों तें चार माणसांसमक्षच परत घेणें उचित. पुडीचे पैसे पुढें ठेवले आणि चूक कोणाची होती तें सांगितलें. दुकानदारानें पैसे गल्ल्यांत टाकले व नवी पुडी बांधीत म्हणाला, "मीं तर त्याच दिवशीं विचारलें होतें."

त्याचें म्हणणें खरें होतें. आमच्या साऱ्या प्रयोगाचें सार त्याच्या तीन शब्दांच्या प्रश्नांत होतें, आणि तो आम्हीं ऐकून घेतला असता तर एका प्रामाणिक माणसाची अब्रू भर बाजारांत दुखावली गेली नसती.