भातातील पाखड: ओळख आणि बंदोबस्त

पाखड, म्हणजे वनस्पतिशास्त्रात इकिनोक्लोआ क्रस-गली या नावाने नोंदलेले भातखाचरातील गवत, वर्षायू आहे. बी रुजण्यापासून नवे बी गळेपर्यंतचा त्याचा जीवनक्रम एकाच हंगामात आटोपतो. हंगामाबरोबर तणही सरेल, असे मानणाऱ्या शेतकऱ्याची मात्र हमखास फसगत होते, कारण एक जोमदार झाड हजारो बिया मातीत सोडून मरते आणि त्यांपैकी कित्येक सुप्तावस्थेत, म्हणजे ओल मिळूनही न रुजता, पुढील वर्षांची वाट पाहत पडून राहतात.

नुकसानीची सुरुवात बहुधा रोपवाटिकेत होते. कोवळ्या वयात हे गवत भातासारखेच दिसते, त्यामुळे तरवा काढताना ते मुठीत येते आणि लावणी करणाऱ्याच्या हातूनच चुडात रोवले जाते. अशा वेळी रंगावर किंवा उंचीवर विसंबू नये. पाते खोडापासून किंचित ओढून सांध्याकडे पाहावे: भाताच्या सांध्यावर पातळ, पारदर्शक पापुद्रा, म्हणजे जिभिका, आणि दोन्ही बाजूंना केसाळ आकड्यांसारख्या कर्णिका असतात, तर पाखडीचा सांधा साफ कोरा असतो. ही खूण ज्याच्या बोटांना सरावाची झाली, त्याची पुढची अर्धी बेणणी वाचते.

लावणीनंतर स्पर्धा विषम होते. भात सी-३ प्रकारचे, तर पाखड सी-४ प्रकारचे असल्याने, म्हणजे कर्बवायू आधी एकवटून मग वापरण्याची सोय तिच्या पानात असल्याने, कडक उन्हात आणि उष्ण हवेत ती भातापेक्षा वेगाने वाढते, भरपूर फुटवे काढते आणि दिलेल्या नत्रावर स्वतःच पोसली जाते. तण असलेल्या खाचरात युरियाची मात्रा वाढवणे हा उपाय नव्हे. साचलेले पाणी बहुतेक तणांना रोखते, परंतु पाखडीचे बी प्राणवायू नसतानाही अंकुर धरू शकते आणि रोप एकदा पाण्यावर आले की त्याच पाण्यात ते सुखाने वाढते.

लोंबी दिसल्यावर उपटणे म्हणजे उशीर झालाच, कारण दाणे भातकापणीच्या आधी, नुसता हात लागला तरी, झडू लागतात. उपटलेली झाडे बांधालगत ओल्या जागी टाकण्याची सवयही महागात पडते. पेरांना मुळे फुटून ती पुन्हा उभी राहतात. ती उन्हात वाळवावीत, आणि बी धरलेली असतील तर खाचराबाहेरच न्यावीत. अर्धवट कुजलेल्या शेणखतात गेली तर तेच बी पुन्हा शेतात येते.

तणनाशकाचा मोह समजण्यासारखा आहे, पण त्याचा इतिहास बोलका आहे. प्रोपॅनिल हे रसायन भाताला इजा करत नव्हते, कारण भाताजवळ ते मोडून टाकणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, असते. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात तेच वर्षानुवर्षे फवारले गेले आणि 1990 च्या सुमारास तेथे न मरणारी पाखड आढळली, जिच्यात तसेच विकर अधिक सक्रिय झाले होते. म्हणून रसायन वापरायचेच असेल तर दरवर्षी एकाच पद्धतीने मारणारे नसावे, आणि फवारणीतून वाचलेली मोजकी झाडे क्षुल्लक मानून सोडू नयेत, कारण पुढच्या हंगामाचे बी त्यांचेच असते.