पिकअप गाडीचा भरंवसा : भंडारा जिल्ह्यांतील मालकांचा अनुभव

धान पिकविणाऱ्यास मालवाहू गाडीची खरी निकड वर्षांतून दोनदांच भासते. एकदां दिवाळीच्या आगेमागें, खरिपाचें धान चुरून झालें म्हणजे. आणि दुसऱ्यांदां मे अखेरीस, उन्हाळी धान खळ्यांत उघडें पडलेलें असतें व मृगाचे ढग दिसूं लागतात तेव्हां. या दोन वेळीं गाडी उभी राहिली तर होणारें नुकसान दुरुस्तीच्या पावतीवर कधींच लिहिलेलें नसतें. म्हणून पिकअप गाडीच्या टिकाऊपणाचा विचार करतांना 'वर्षाकाठीं खर्च किती आला' यापेक्षां 'हंगामांत किती दिवस बंद राहिली' हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. साकोली, लाखनी, मोहाडी, तुमसर व पवनी या भागांतील ज्या मालकांशीं आमचें बोलणें झालें, त्यांपैकीं बहुतेकांनीं हाच हिशेब प्रथम सांगितला.

ज्यास आपण नुसतें 'पिकअप' म्हणतों तो गाड्यांचा मधला वर्ग होय. त्याच्या खालीं २००५ सालीं बाजारांत आलेली टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती'. वरच्या बाजूस ४०७ व तत्सम ट्रक. टाटांची पहिली पिकअप टाटामोबाईल या नांवानें १९८८ सालीं निघाली. त्याच घराण्यांतील २०७ पुष्कळ वर्षें खेडोपाडीं धांवली, व २०१७ सालीं योद्धा आली. जीपपासून सुरुवात केलेल्या महिंद्र कंपनीच्या पिकअप गाड्यांचा खप या वर्गांत देशांत बराच काळ सर्वांत अधिक राहिला आहे. नांवें निराळीं असलीं तरी मूळ बांधणी बहुधा एकच: खालीं शिडीसारखी पोलादी चौकट, मागें पाट्यांची कमान, पुढें डिझेल इंजिन, आणि जोर मागच्या चाकांना. बहुतेकांची वाहनक्षमता १३०० ते १७०० किलो.

आतां हा आंकडा पोत्यांत मांडून पाहूं. खरेदी केंद्रावर धानाचें पोतें ४० किलोचें भरतात. तेव्हां १३०० किलोच्या गाडींत ३२ पोतीं बसतात व १७०० किलोच्या गाडींत ४२. प्रत्यक्षांत ५५-६० पोतीं घातलेली गाडी आपल्यापैकीं कोणीं पाहिलेली नाहीं? साठ पोतीं म्हणजे २४ क्विंटल. गाडी तें ओझें ओढून नेते हें खरें. आणि येथेंच मालकाची फसगत होते. कारण इंजिनाची ओढण्याची शक्ति व चाकाची झेपण्याची शक्ति या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छऱ्यांच्या बेअरिंगचें आयुष्य भाराच्या घनाच्या उलट प्रमाणांत घटतें, असा यंत्रशास्त्राचा जुना नियम आहे. चाकावरील भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतें. दीडपट झाला तरी एक तृतीयांशाहून कमी उरतें. हें नुकसान त्या दिवशीं दिसत नाहीं. तें दोन हंगामांनंतर, भर रस्त्यांत, चाकांतून येणाऱ्या घरघरीच्या रूपानें प्रकट होतें. आणि मालक म्हणतो, कंपनीनें माल हलका घातला.

मागची कमान बसूं लागली म्हणजे आपल्याकडे आणखी एक पाटा चढविण्याची चाल आहे. मोहाडीकडील एका मालकानें दोन पाटे चढविले होते. गाडी दिसावयास ताठ झाली. परंतु कमानीनें जो धक्का सोसावयाचा तो ती सोसेनाशी झाली व तो थेट मागच्या हौसिंगवर व चौकटीवर जाऊं लागला. वर्षभरांत कमानीच्या खुंटाजवळ चौकटीस बारीक चीर गेली. वेल्डिंग करून ती बुजविली, ती पुन्हां त्याच्याच शेजारीं उघडली. त्याच गांवांत त्याच नमुन्याची, त्याच वर्षीं घेतलेली दुसरी गाडी आहे. तिचा मालक भाजी घेऊन नागपूरच्या कळमना बाजारांत जातो. किलोमीटर तिचे जवळजवळ दुप्पट झाले असूनही तिला पाना लावण्याचें कारण फारसें पडलेलें नाहीं. वांग्यांच्या व टोमॅटोच्या क्रेटनीं गाडी आधीं भरते व वजन मागून भरतें. शिवाय रस्ता डांबरी. एकाच कारखान्यांतून निघालेल्या दोन गाड्यांविषयीं दोन शेजारी परस्परविरुद्ध साक्ष देतात, तिचें कारण बहुधा असेंच असतें.

अधिक भार घालण्याचें मूळ लोभांतच असतें असें मात्र आम्हीं म्हणणार नाहीं. तें पुष्कळदां कर्जाच्या हप्त्यांत असतें. पांच-सहा एकरांच्या मालकाचें स्वतःचें धान थोड्याच खेपांत संपतें. हप्ता बारा महिने भरावा लागतो. मग तो दुसऱ्याचा माल घेतो, खेपेमागें भाडें ठरलेलें असल्यामुळें पोतीं वाढवितो, आणि रेती-गिट्टीचें काम मिळालें तर तेंही सोडीत नाहीं. रेतीनें हौदा अर्धा भरला तरी वजन पुरें होतें, हें डोळ्यांना पटत नाहीं. एवढ्या जमिनीच्या धन्यानें गाडी विकत घेण्यापूर्वीं हंगामांतील भाड्याचा खर्च एका कागदावर व वर्षाचे हप्ते, विमा, टायर व देखभाल दुसऱ्या कागदावर मांडावी. आमच्या मतें दहांपैकीं निदान सहा जणांना भाड्याची गाडीच परवडेल. दोघां-तिघां भावांनीं किंवा शेजाऱ्यांनीं मिळून घेतलेल्या गाड्या आम्हीं पाहिल्या. ज्या ठिकाणीं चालविणारा एकच ठेवला तेथें त्या टिकल्या. हात बदलत राहिला तेथें क्लच प्लेट आधीं गेली.

क्लचचा विषय निघाला तेव्हां पांदणींविषयीं लिहिलें पाहिजे. कन्हार जमिनींतील पांदण पावसाळ्यानंतरही कित्येक आठवडे ओली राहते. रिकाम्या पिकअपचें मागचें वजन थोडें असल्यामुळें तिचें चाक जागच्या जागीं फिरतें, व चालविणारा अर्ध्या क्लचवर इंजिन गरजवीत राहतो. अशा पांच मिनिटांत क्लचची जेवढी झीज होते तेवढी डांबरी रस्त्यावर महिन्यांतही होत नसेल. जाणते मालक बांधीकडे जातांना मागें चार-सहा पोतीं वजन ठेवतात. चाक रुतलें कीं उतरून पुढें तणीस किंवा फांद्या टाकतात. आणि त्यानेंही न निघाल्यास ट्रॅक्टर बोलावितात. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. उत्तम उपाय म्हणजे खळ्यापासून पक्क्या रस्त्यापर्यंत बंडी किंवा ट्रॅक्टर, व तेथून पुढें पिकअप.

सन २०२० नंतर घेतलेल्या गाड्यांचा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि मालकांचा संताप सर्वांत अधिक तिकडेच दिसतो. त्या वर्षींच्या १ एप्रिलपासून देशांत भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागू झाले. तेव्हांपासून बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी एक चाळणी असते. सांचलेली काजळी जाळून टाकण्यास सुमारें ६०० अंशांची उष्णता लागते, व ती गाडी कांहीं वेळ सलग व बऱ्या वेगानें धांवली तरच मिळते. गांवांतून खळ्यावर, खळ्यावरून केंद्रावर, तेथें तासन्‌तास रांगेंत पुढें सरकत, अशी जिची चाल, तिची चाळणी जळून मोकळी होतच नाहीं. दिवा लागतो, मालक दुर्लक्ष करतो, शेवटीं गाडीचा जोर आपोआप कमी केला जातो व ती बैलाच्या चालीनें चालूं लागते. यास बिघाड म्हणण्यापेक्षां वापराशीं न जुळणारी रचना म्हणणें अधिक बरोबर होईल. यावर साधा उपाय असा कीं दिवा लागल्याबरोबर, किंवा त्याआधींच आठवड्यांतून एकदां, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर वा दुसऱ्या मोकळ्या रस्त्यावर गाडी अर्धापाऊण तास एका चालीनें न्यावी. मध्येंच बंद करूं नये. त्या वेळीं धुराची नळी अत्यंत तापलेली असते. अशी गाडी आणून तणसाच्या ढिगावर उभी करणें म्हणजे आगीस आमंत्रण देणें होय.

याच संबंधांत एक खूण लक्षांत ठेवावी. चाळणी जाळण्याचें काम वारंवार अर्धवट राहिलें तर पुष्कळ इंजिनांत जास्तीचें डिझेल खालीं ऑइलमध्यें उतरतें. त्यामुळें डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजीं वाढलेलें दिसतें. एका मालकास याचा आनंद झाला होता. वास्तविक तें ऑइल पातळ होऊन त्याचा वंगणाचा गुण गेलेला असतो, व तें ताबडतोब बदलावयास पाहिजे. बदलतांनाही कमी राख सोडणारें, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या प्रतीचेंच ऑइल घालावें. कारण काजळी जळते, पण राख जळत नाहीं, ती चाळणींत कायमची बसते.

कांहीं गाड्यांत याखेरीज युरियाच्या द्रावणाची वेगळी टांकी असते. हें द्रावण ३२.५ टक्के युरिया व क्षाररहित शुद्ध पाणी यांचें असतें. युरिया तर आपल्या घरीं पोत्यानें आहे, मग विकत कां आणावें, असा विचार शेतकऱ्याच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु आपल्याला खत म्हणून मिळणारा युरिया २०१५ पासून पूर्णपणें निंबोळीच्या तेलाचें लेपन केलेला असतो; त्यांत इतर अशुद्ध द्रव्येंही असतात, आणि विहिरीच्या पाण्यांत क्षार. या घरगुती द्रावणानें फवाऱ्याचें तोंड बुजतें व पुढील महागडा भाग निकामी होतो. दोनशें-चारशें रुपये वांचविण्यासाठीं हजारोंचा भुर्दंड बसतो.

डिझेलविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. आजच्या इंजिनांत इंधन हजार वातावरणांहून अधिक दाबानें सुयांच्या सूक्ष्म छिद्रांतून उडविलें जातें. प्लास्टिकच्या कॅनमध्यें साठविलेलें, पाणी किंवा गाळ उतरलेलें डिझेल जुनी २०७ पचवीत असे. नवीन गाडी तें पचवीत नाहीं. फिल्टरच्या तळाशीं सांचलेलें पाणी ठराविक मुदतीनें सोडावें. हवेचा फिल्टर तर धानाच्या चुरणीच्या दिवसांत पुस्तकांतील मुदतीची वाट न पाहतां तपासावा. कोंड्याची धूळ त्यास चटकन बुजविते. आणि उंदीर! धानाच्या कोठाराशेजारीं उभ्या राहणाऱ्या गाडीच्या विजेच्या तारा ते इतक्या कुरतडतात कीं एका मालकाच्या मतें त्याच्या गाडीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याचें घर.

कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी, असें आम्हांस नेहमीं विचारतात. त्याचें उत्तर तालुक्याच्या गांवीं मिळेल. क्लच प्लेट, चाकाचें बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, ब्रेक लायनर, डिझेल फिल्टर व इंजिनाचा पट्टा या सहा वस्तु आपल्या गांवापासून ३० किलोमीटरांच्या आंत कोणत्या गाडीच्या मिळतात तें दुकानांत जाऊन पाहावें. आणि काजळीच्या चाळणीचा दोष संगणकावर वाचणारा कारागीर कोठें आहे तेंही विचारावें. एखादा भाग नागपुराहून येण्यास चार दिवस लागले तर उत्तम गाडीही ऐन हंगामांत शोभेची वस्तु होते. नवीनच निघालेला नमुना पहिल्या वर्षीं घेऊं नये, असें अनुभवी मालक सांगतात. आमचाही कल तसाच आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यानें रंग पाहूं नये. खालीं वांकून चौकटीवर वेल्डिंगच्या गांठी आहेत का, पाटे मूळचे तेवढेच आहेत का, हौद्याच्या तळाशीं गंज किती, हें पाहावें. सकाळीं इंजिन पूर्ण थंड असतांना तें स्वतः सुरू करून पाहावें. विक्रेत्यानें आधींच तापवून ठेवलें असेल तर दुसऱ्या दिवशीं जावें. चालत्या इंजिनाचें ऑइलचें झांकण उघडल्यावर आंतून जोरानें धूर येत असेल तर रिंगा झिजल्या असें समजावें. कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हातीं पडल्याखेरीज पैसे पुरते देऊं नयेत.

कायद्याच्या तीन-चार गोष्टी मालकांस नीट ठाऊक नसतात. गाडी व माल मिळून एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस परवाना लागत नाहीं. म्हणून लहान पिकअप पुष्कळदां त्या मर्यादेच्या किंचित आंत बसविलेल्या असतात. ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटारीच्या लायसन्सवर चालवितां येते, हें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें नोव्हेंबर २०२४ मध्यें कायम केलें. जादा भारास २०१९ च्या दुरुस्तीनें २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठरविला आहे.

परंतु याहून गंभीर बाब माणसें वाहण्याची. रोवणीच्या दिवसांत पिकअपच्या हौद्यांत वीस-पंचवीस बाया उभ्या करून एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेण्याची चाल जिल्हाभर आहे. मालवाहू गाडीच्या विम्यांत मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधि यांचा समावेश होतो. हौद्यांत बसविलेल्या इतर उतारूंची भरपाई देण्याचें बंधन विमा कंपनीवर नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २००२ मध्यें आशा राणी यांच्या प्रकरणांत दिला. म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडी उलटली तर त्या कुटुंबांना द्यावयाची रक्कम मालकाच्या शेतावर येते. धानानें लादलेल्या गाडीचें बेअरिंग ज्या दिवशीं तुटावयाचें तो दिवस कोणता, हें कोणासही सांगतां येत नाहीं; आणि नोव्हेंबरांत साठ पोतीं ओढणारी गाडी तीच, जुलैंत त्या बायांना नेणारी गाडीही तीच असते. रोवणीच्या मजुरांसाठीं प्रवासी परवान्याची गाडी ठरवावी. दर माणशीं थोडे रुपये अधिक पडतील, ते मजुरीच्या बोलींतच आधीं धरावेत.